आलवण कुठे आहे?

मागच्या वर्षी एम.ए.च्या वर्गात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ शिकवत होते. यमूच्या केशवपनापाशी आल्यावर बोलता बोलता ‘आलवण’ हा शब्द माझ्या तोंडून गेला. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. ‘केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवा नेसत ते तांबडे, जाडेभरडे लुगडे, त्याखाली चोळी घालायची नाही आणि पदर बोडक्या डोक्यावरून घ्यायचा,’ असे मी सांगितले. एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, कुंकू पुसलेल्या बाईला कुंकवाच्याच रंगाचं लुगडं का?’

मी जे उत्तर दिले ते आमच्या पेशाला साजेसे होते. रंग ही संकेतव्यवस्था असते, एकच चिन्ह संदर्भानुसार परस्परविरोधी अर्थ वाहू शकते, वगैरे. मुलीने ते वहीत उतरवून घेतले. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे तर माझेही झाले नव्हते. कारण तिने विचारले होते एका कापडाविषयी, आणि मी ते कापड कधी पाहिलेले नव्हते. त्याचा तांबडा म्हणजे कोणता तांबडा? विटकरी, डाळिंबी, की गेरूसारखा? सूत किती जाड? काठ होता की नव्हता? ज्या शब्दाच्या आधारे मी एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनावर तासभर बोलत होते, त्या शब्दामागची वस्तू माझ्या लेखी केवळ एक रूपक होती.

म्हणून सुट्टीत एका वस्तुसंग्रहालयात गेले. कोणते ते सांगण्यात अर्थ नाही, कारण इतरत्र फार निराळा अनुभव आला असता असे मला वाटत नाही. वस्त्रदालनात पैठण्या होत्या, शालू होते, शेले होते, जरतारी अंगरखे होते. त्यांखाली पाट्या होत्या : ‘साडी, रेशीम व जर, १९वे शतक.’ तिथल्या एका अधिकाऱ्यांना विचारले, आपल्या संग्रहात आलवण आहे का? त्यांनी मला दोनदा तो शब्द उच्चारायला लावला आणि मग अगदी सहज म्हणाले, ‘तसलं कोण ठेवतं?’

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी एका वाक्यात आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचे धोरणच सांगून टाकले. या लेखाचा रोख त्या धोरणावर आहे आणि त्यात सहभागी असलेल्या दोन पक्षांवर आहे. पहिला पक्ष वस्त्रे सांभाळणाऱ्या संग्रहालयांचा. दुसरा आपला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी साहित्याने जी वस्त्रे जपली ती संग्रहालयांनी जपली नाहीत, आणि संग्रहालयांनी जी जपली ती आपण साहित्यवाल्यांनी कधी वाचली नाहीत. या दुहेरी बेफिकिरीमुळे आपल्या वाङ्मयाचा एक मोठा भाग हळूहळू अवाचनीय होत चालला आहे.

आधी संग्रहालयांकडे वळू, आणि त्यासाठी वस्त्रांच्या अभिरक्षकाचे काम नेमके काय असते ते पाहू. ‘क्यूरेटर’ या शब्दाची अलीकडे इतकी नासाडी झाली आहे की साड्यांच्या दुकानातली निवडसुद्धा ‘क्यूरेटेड’ म्हणून विकली जाते. मूळ लॅटिन शब्दात काळजी वाहण्याचा अर्थ आहे. आपल्या ‘अभिरक्षक’ या शब्दातही राखण्याचाच आहे. निवडणे हा त्या कामाचा सगळ्यात लहान भाग. मोठा भाग अंधारात चालतो, आणि हे अक्षरशः खरे आहे. प्रकाशाने कापडाची होणारी हानी साचत जाते आणि ती उलटवता येत नाही; म्हणून जुनी वस्त्रे साधारण ५० लक्सइतक्या मंद उजेडात, तीही थोडे महिनेच मांडायची आणि मग दीर्घकाळ काळोखात विसाव्याला ठेवायची असा दंडक आहे. घडीवर रेशीम तुटते, जर मोडते. म्हणून वस्त्र सपाट ठेवायचे किंवा नळीवर गुंडाळायचे, आणि मधे आम्लविरहित कागद घालायचा. कांजी केलेल्या कापडाला कसर लागते. हिरड्याच्या कषायावर लोहाचे पाणी चढवून केलेला काळा रंग काळाच्या ओघात धागाच खाऊन टाकतो. जुन्या छापील कापडांत आकृतीची काळी रेघ जिथे होती तिथे नेमकी चीर पडलेली दिसते. हे सगळे ठाऊक असणारा माणूस कापडाकडे पाहतो तेव्हा तो वाचत असतो. बगलेतला घामाचा डाग, गुडघ्यापाशी झालेली विरळ वीण, रफूचा दोरा, काठ उसवून पुन्हा जोडल्याची खूण, ही त्याची अक्षरे.

या वाचनातला सगळ्यात कठीण प्रश्न धुण्याचा आहे. धुतलेले कापड अधिक टिकेल, पण धुण्याने हळदीचा डाग जाईल, चुलीचा धूर जाईल, घाम जाईल. म्हणजे ते वस्त्र कोणी, कुठे, कसे वापरले याचा पुरावाच जाईल. हा पेच पुण्याच्या वाचकाला तरी परका वाटू नये. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा संपादकांनी मूळ संहितेबाहेर ठेवलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. नोंद न करता डाग धुऊन टाकणारा अभिरक्षक हा पाठभेद जाळून टाकणाऱ्या संपादकासारखा आहे. वस्त्रांचे अभिरक्षण ही पाठचिकित्सा आहे असे मी म्हणते ते याच अर्थाने, आणि ती तितक्याच प्रतिष्ठेने शिकवली जावी असे मला वाटते.

ही शिस्त मोडली की काय होते त्याचे उदाहरण फार जुने नाही. १९ मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मॅरिलिन मन्रोने घातलेला झगा २०१६ मध्ये एका खासगी संग्रहालय-कंपनीने ४८ लाख डॉलरला विकत घेतला, आणि मे २०२२ मध्ये मेट गालाला किम कार्दाशियनला तो घालायला दिला. जगभरच्या वस्त्र-अभिरक्षकांनी आक्षेप घेतला; संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही, म्हणजे आयकॉमनेही, ऐतिहासिक वस्त्रे कोणी अंगावर चढवू नयेत अशी भूमिका जाहीर केली. ही भूमिकाही हळूहळू घडलेली आहे. १९६३ मध्ये बाथ येथे पोशाखांचे संग्रहालय उभारणाऱ्या डोरिस लँग्ली मूर (साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्या बायरनच्या चरित्राभ्यासक म्हणून माहीत असतील) यांनीच १९४९ च्या आपल्या पुस्तकासाठी खरी जुनी वस्त्रे जिवंत स्त्रियांना घालून छायाचित्रे घेतली होती. आज कोणी जबाबदार अभिरक्षक तसे करणार नाही. ज्ञान वाढले तसे आचारही बदलले. आजीची पैठणी नातीने लग्नात नेसावी, त्याला कोणाची हरकत नसावी. ती नेसण्यासाठीच विणलेली आहे. पण जी वस्तू समाजाने साक्षीदार म्हणून राखली, ती मिरवायला काढली की साक्ष फुटते.

आता आपल्याकडच्या वस्त्रदालनांतल्या त्या पाट्या पाहा : ‘साडी, रेशीम व जर, १९वे शतक.’ पदार्थ, प्रकार, काळ. माणूस नाही. ही रीत आली कुठून? १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसमधले फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड सिद्ध केले. एकंदर ७०० नमुने आणि असे वीस संच. त्यांपैकी तेरा ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि सात हिंदुस्थानात. अखंड पागोटी, धोतरे, लुगडी कापून त्यांचे तुकडे पानांवर चिकटवले होते. हेतू उघड होता. हिंदुस्थानी गिऱ्हाइकाला काय आवडते ते लँकेशरच्या गिरणीवाल्यांना कळावे आणि तसेच कापड यंत्रावर काढून इथे विकता यावे. आपल्या वस्त्रसंग्रहाच्या इतिहासातला हा एक पायाभूत ग्रंथ आहे, आणि त्याची नजर कापड-दलालाची आहे. एक गोष्ट मान्य केली पाहिजे : वॉटसन यांना हे पक्के कळले होते की इथल्या लोकांचे मुख्य वस्त्र शिवलेले नसून मागावरून उतरते तसेच अंगावर चढते. पण कळूनही त्यांनी ते कापलेच. पदर कुठे संपतो, निऱ्या किती पडतात, हे कापलेल्या तुकड्यावरून कळायचे नाही. आणि गिरणीवाल्याला ते कळण्याची गरजही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही नजर बदलण्याची संधी होती आणि काही जणांनी ती घेतलीही. १९४९ मध्ये साराभाई कुटुंबाने अहमदाबादला कॅलिको संग्रहालय काढले. कापड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे त्याने देशाला दाखवले. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ लिहिले, आणि १९५१ मध्ये मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांचे भारतीय पोशाखावरचे इंग्रजी पुस्तक आले. या दोघांची पद्धत पाहण्यासारखी आहे. शिल्पे, चित्रे आणि ग्रंथ ते एकमेकांशेजारी ठेवतात. ग्रंथातला शब्द आणि दगडातली निरी एकमेकांवर ताडून पाहतात. घुर्ये मुळात संस्कृतचे विद्यार्थी. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी वस्त्रविद्या आणि वाङ्मयविद्या एकाच टेबलावर बसत होत्या. त्या उठून दोन इमारतींत गेल्या, आणि एकमेकींना विसरल्या.

संग्रहालये विसरली ती अशी. वस्त्र म्हणजे मौल्यवान वस्तू, हा एकच निकष उरला. जरीत चांदी आहे म्हणून पैठणी ठेवायची. राजघराण्याचे नाव आहे म्हणून अंगरखा ठेवायचा. ज्याला बाजारात मोल नाही त्याला दालनात जागा नाही. आणि जे ठेवले त्याचाही अर्थ नोंदवला नाही. समजा, एक जुने रेशमी लुगडे दालनात आहे. ते सोवळ्याचे होते का? म्हणजे आंघोळ करून, कोणाला न शिवता, स्वयंपाकाला आणि देवपूजेला नेसायचे होते का? पाटीला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण ज्या घरात ते लुगडे वावरले त्या घरात ‘रेशमी’पेक्षा ‘सोवळे’ हा गुण अधिक खरा होता. कोणी शिवले तर ते बाटत असे, आणि कोणाच्या शिवण्याने बाटते यात जातीची आणि लिंगाची सगळी उतरंड सामावलेली होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन येते ते वाचताना विद्यार्थी हसतात. त्या हसण्यामागची भीती त्यांना कळावी असे वाटत असेल, तर ‘रेशीम, लाल, नऊवार’ या नोंदीने ते व्हायचे नाही.

नऊवार लुगड्याची आणखी एक अडचण आहे आणि ती मूलभूत आहे. शिवलेला कोट खुंटीवर टांगला तरी कोटच असतो. लुगडे अंगावरून उतरले की त्याचे लुगडेपण संपते. उरते ते कापड. वस्त्र असते ते नेसण्यात. १९९७ मध्ये शांताल बुलांजे या फ्रेंच अभ्यासिकेने भारतभर फिरून साडी नेसण्याच्या पद्धती शोधून पुस्तकरूपाने मांडल्या, ते काम याच जाणिवेतून झालेले आहे. ही गोष्ट मराठी समाजाच्या इतिहासात किती निर्णायक ठरली त्याची साक्ष आपल्या साहित्यातच आहे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये सांगितले आहे की महार स्त्रियांना लुगड्याचे काठ दिसतील अशा निऱ्या घालण्याची मुभा नव्हती. काठ आत दडवावे लागत. म्हणजे एकाच बाजारातले, एकाच मागावरचे लुगडे दोन बायकांनी घेतले तरी त्या दोन वेगळी वस्त्रे नेसत होत्या. कापडाच्या नमुन्यात हा भेद सापडणार नाही. फार तर काठावरच्या घड्यांच्या खुणांत सापडेल, आणि त्या खुणा इस्त्रीने केव्हाच गेल्या असतील.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरूनच तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती पद्धत बदला, पाय झाकले जातील असे नेसा, गळ्याहातांतले जड दागिने उतरवा. आणि स्त्रियांनी नेसण बदलली, तीही लागलीच. मला हा मराठी वेशभूषेच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस वाटतो. नवे कापड आले नाही, नवा माग आला नाही, नवी फॅशन आली नाही. तेच लुगडे दोन हात खाली उतरले, आणि शेकडो वर्षांचा एक हुकूम मोडला. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आणि पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. त्यांचा कोट आपण पाहू शकतो, आणि तो कोट काय बोलतो हे प्रत्येकाला कळते. पण महाडच्या त्या बायकांपैकी एकीचे लुगडे, आधीच्या आणि नंतरच्या नेसणीच्या चित्रासह, आपल्या वस्त्रदालनांत का असू नये? पैठणीच्या शेजारी ते ठेवले तर पैठणीचाही अर्थ बदलेल. कदाचित म्हणूनच ते ठेवलेले नसेल.

यावर एक उत्तर हटकून मिळते. गरिबांची वस्त्रे टिकतच नाहीत, तर ठेवणार काय? नेसून नेसून लुगडे विरते, मग त्याची दुपटी होतात, मग लंगोट, मग पोतेरे. यात तथ्य आहे. पण पूर्ण तथ्य नाही. लंडनमध्ये १७४१ साली सुरू झालेल्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयात आया आपली तान्ही मुले सोडून जात, तेव्हा पुढे ओळख पटावी म्हणून मुलाच्या कपड्याचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचून ठेवला जाई. असे सुमारे ५,००० तुकडे आजही आहेत. अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या सामान्य माणसांच्या कापडाचा त्याहून मोठा संग्रह नाही. २०१० मध्ये त्यांचे प्रदर्शन झाले तेव्हा लोकांना कळले की गरिबांचे कापड नष्ट झाले नव्हते, ते कारकुनाच्या दप्तरात पडून होते. शोधणाऱ्याने राजवाड्याऐवजी दप्तर उघडायला हवे होते, इतकेच.

आपल्याकडचे असे दप्तर कोणते? मला वाटते, गोधडी. घराघरांतल्या जुन्या वाकळांत लुगड्यांचे थरावर थर शिवलेले असतात. वरचा थर फाटला की खालचा दिसतो, त्याच्या खाली आणखी जुना. सासूचे लुगडे, तिच्या सासूचे लुगडे, धोतराचा अस्तर म्हणून घातलेला तुकडा. गोधडीवर मराठीत ललित लेखन उदंड झाले आहे. आजीची ऊब आणि मायेचे टाके यांनी आपले दिवाळी अंक कधीचे ऊबदार झालेले आहेत. पण एकाही गोधडीकडे पुराव्याचे गाठोडे म्हणून पाहायला आपण अजून शिकलो नाही. कोणते थर, कोणत्या क्रमाने, कोणाचे, हे शिवणारीच्या मुलीला-सुनेला अजून सांगता येते. आणखी पंधरा-वीस वर्षांनी सांगता येणार नाही. दुसरीकडे बोहारीण आहे. घरोघरच्या जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई मराठी माणसाची वस्त्रे आणि त्यांचे मोल आपल्या सर्व अभिरक्षकांहून अधिक जाणते. जुन्या जरीची लुगडी चांदीसाठी जाळली गेली, त्या व्यवहाराची साखळी तिला ठाऊक असते. तिची मुलाखत कोणत्या संशोधन-प्रकल्पात आहे?

आता दुसरा पक्ष, म्हणजे आपण. आपल्या चर्चासत्रांत ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ एकाच लॅटिन धातूपासून आले हे वाक्य ऐकू आले नाही असे वर्ष जात नाही. संहिता म्हणजे वीण, वाचन म्हणजे धागे उलगडणे, कबीर विणकर, नामदेव शिंपी. सगळे खरे. पण ही वाक्ये म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी माग पाहिला आहे? आपण रोलाँ बार्थचे नाव घेतो. त्यांनी १९६७ च्या फॅशनवरील ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र बाजूला ठेवून मासिकांतले लिहिलेले वस्त्र अभ्यासाला घेतले, हे त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितले होते. ती त्यांनी जाणीवपूर्वक घातलेली मर्यादा होती. आपण ती मर्यादाच पद्धत म्हणून स्वीकारली, आणि वस्तू न पाहण्याला सिद्धान्ताचे पाठबळ मिळाले. परिणाम असा की बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून (१८५७) दलित आत्मकथनांपर्यंत आपल्या साहित्यात वस्त्रांचा जो प्रचंड साठा आहे, त्याच्या तळटीपासुद्धा आपण लिहिलेल्या नाहीत. इरकल, जोट, खण, पटका, मुंडासे, बंडी, घोंगडी हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांना सारखेच धूसर दिसतात. ‘एक प्रकारचे वस्त्र’ एवढीच टीप पुरेशी मानणारा संपादक ‘एक प्रकारचे छंद’ अशी टीप सहन करील काय?

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. आलवणाचा एक हातभर तुकडा जरी मिळाला तरी पुष्कळ काही विचारता येईल. लाल रंग मंजिष्ठाचा आहे, की आल नावाच्या झाडाच्या मुळांचा? दोन्हींतली रंगद्रव्ये वेगळी आहेत आणि एखाद्या धाग्यावरूनही ती प्रयोगशाळेत ओळखता येतात. की तो रंग कारखान्यातला आहे? १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या युरोपीय जातीतले मुख्य रंगद्रव्य कृत्रिम रीतीने बनवले आणि थोड्याच वर्षांत स्वस्त लाल कापड जगभर पोहोचले. यमूच्या पिढीच्या विधवेच्या अंगावरचा लाल रंग गावच्या रंगाऱ्याचा होता की परदेशी कारखान्याचा, हा प्रश्न क्षुल्लक नाही. ‘शास्त्राने सांगितलेले’ वस्त्र जर आगबोटीतून येत असेल, तर त्या शास्त्राविषयी आपल्याला काही नवे म्हणावे लागेल. ‘आलवण’ या शब्दाचे ‘आल’शी नाते आहे की केवळ ध्वनिसाम्य, हा भाषाभ्यासकाचा प्रश्नही कापड हाती आले तर एक पाऊल पुढे सरकेल. चिन्हमीमांसा त्यानंतर करावी. आधी नव्हे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो माझ्या स्वतःच्या मनात आहे. ज्या बायकांना आलवणातून सुटका मिळाली त्यांनी ते आनंदाने जाळले असेल. महाडहून परतलेल्या बाईला जुन्या नेसणीची आठवणही नको असेल. त्यांच्या अपमानाची वस्त्रे मंद उजेडात काचेमागे मांडणे हा दुसरा अपमान नव्हे काय? जपानमध्ये गरीब शेतकऱ्यांच्या ठिगळांच्या कपड्यांचे, ‘बोरो’चे, असेच झाले. ज्या कपड्यांची त्यांच्या मालकांना लाज वाटे ते आज कलावस्तू म्हणून चढ्या किमतीला विकले जातात, आणि ठिगळांची नक्कल करून नवे कपडे शिवले जातात. हा धोका खरा आहे. उद्या एखाद्या महोत्सवात ‘आलवण-प्रेरित’ साडी दिसली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पण न ठेवणे हे या धोक्यावरचे उत्तर नाही. ते जाळण्याचा हक्क त्या बायकांचा होता. विसरण्याचा हक्क आपला नाही. संग्रहालयात आज पैठणी एकटी आहे, आणि एकटी असल्यामुळेच ती खोटे बोलते. ‘आपल्याकडे स्त्रिया अशा नटत असत,’ असे ती शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना सांगते, आणि तिला प्रतिवाद करणारे कोणी त्या दालनात नसते. आलवण शेजारी असेल तर मुलांना कळेल की हीच बाई एका दिवसात त्या कापडातून या कापडात ढकलली जात असे. ठेवायचे कसे, यालाही उत्तर आहे : घरच्यांना विचारून, नाव हवे तर नावासह आणि नको तर नावाशिवाय, आणि सौंदर्याचे एकही विशेषण न लावता.

मागणी फार मोठी नाही. संग्रहालयांनी वस्त्राखालच्या पाटीवर आणखी चार ओळी लिहाव्यात : याला घरात काय म्हणत, कोण नेसे आणि कोणाला नेसण्याची बंदी होती, कसे नेसत, कोण धुवी. दालनात जागा नसेल तर नोंदवहीत लिहाव्यात. साहित्याच्या शिक्षकांनी एकेका पाठ्यपुस्तकातल्या वस्त्रवाचक शब्दांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, आणि तिच्यातले शब्द घेऊन त्यांना गावी पाठवावे. शब्दकोशाआधी ट्रंक उघडायला सांगावी.

मी यंदा तसे केले. बावीस मुलांपैकी तिघांनी घरची गोधडी उसवू न देता, फाटलेल्या जागांतून थर मोजून आणले. एकीच्या गोधडीत पाच लुगडी निघाली आणि पाचांपैकी चौघींची नावे तिच्या आत्याला आठवत होती. आलवण कोणाकडे मिळाले नाही. प्रश्न विचारणारी मुलगी आता पुढच्या वर्षात आहे. तिने सांगितले आहे की तिच्या आजोळी माळ्यावर एक जुने गाठोडे आहे आणि ते उघडायला मामी तयार नाही. मी तिला म्हटले, घाई करू नकोस, मामीला आधी कारण विचार. ते कारणही लिहून ठेव.